रश्श्यातला खेकडा कुठून आला?

आषाढ लागला, घाटात पावसाने जोर धरला की कोल्हापुरात खेकड्यांची चर्चा सुरू होते. शिवाजी पेठेतल्या घरांत मटणाचा मान कायमच असतो. पण श्रावण लागण्याआधी एखाद्या रविवारी खेकड्याचा रस्सा झालाच पाहिजे, असा अनेक घरांचा शिरस्ता आहे. सर्दी-खोकल्यावर उतारा, आजारातून उठलेल्याला ताकद, हाडांना बळ असे त्याचे गुण आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना पाठ असतात. तिखटमीठ किती आणि खोबरे किती यावर घरात वाद होतात. मात्र हा खेकडा आला कुठून, कोणी पकडला, कसा पकडला आणि पुढच्या पावसाळ्यात तो तिथे असेल का, हे प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

हे प्रश्न निसर्गप्रेमींपुरते आहेत, असे समजण्याचे कारण नाही. खेकडा ज्या पाण्यात वाढतो, त्या पाण्यातले बरेच काही तो अंगात साठवतो. ज्या पद्धतीने तो पकडला जातो, त्यावर तो खाण्यालायक आहे की नाही हे ठरते. म्हणजे टिकाऊ मासेमारीचा प्रश्न आणि ताटातल्या आरोग्याचा प्रश्न इथे जवळजवळ एकच आहे.

एक नाव, दोन प्राणी

देशावर आपण सगळ्यांनाच खेकडा म्हणतो. कोकणात मुंबई-ठाण्याकडे चिंबोरी आणि मालवणकडे कुर्ली. पण बाजारात या नावांखाली दोन अगदी वेगळ्या कुळांतले प्राणी येतात.

पहिला गोड्या पाण्यातला. काळपट-तपकिरी पाठीचा, ओढ्याच्या काठाला, भाताच्या बांधावर, दगडाखाली बिळे करून राहणारा. भोगावती, कुंभी, कासारी, तुळशी या नद्यांच्या खोऱ्यांत, राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, आजऱ्याच्या डोंगरउतारांवर तो पावसाळ्यात बाहेर पडतो. दुसरा समुद्र आणि खाडीतला. रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ल्याकडून घाट चढून तो कोल्हापुरात येतो. त्यातही प्रकार आहेत. खारफुटीच्या चिखलात राहणारी, दोरीने बांधून जिवंत विकली जाणारी मोठी हिरवट-काळी चिंबोरी वेगळी; आणि खुल्या समुद्रातले, पाठीवर तीन ठिपके असलेले किंवा क्रूसासारखी खूण असलेले, बर्फात येणारे खेकडे वेगळे.

या दोन कुळांतला सर्वांत मोठा फरक डोळ्यांना दिसत नाही. तो आहे त्यांच्या प्रजननात. चिखलातल्या चिंबोरीची मादी एका वेळी दहा लाखांहून अधिक अंडी पोटाखाली धरते. अंड्यांतून सूक्ष्म अळ्या बाहेर पडतात, समुद्राच्या पाण्यात तरंगत अनेक अवस्था पार करतात आणि त्यांतल्या फारच थोड्या मोठ्या होतात. निसर्गाने इथे संख्येवर भर दिला आहे.

गोड्या पाण्यातल्या खेकड्याचे तसे नाही. त्याच्यात तरंगणारी अळी ही अवस्थाच नसते. मादी मोजकी, आकाराने मोठी अंडी घालते. प्रजातीप्रमाणे त्यांची संख्या काही डझनांपासून काही शेकड्यांपर्यंत. अंड्यांतून थेट छोटे खेकडेच बाहेर येतात आणि काही दिवस आईच्या पोटाखाली चिकटून राहतात. म्हणजे समुद्रातली एक मादी लाखांत हिशेब करते, तर ओढ्यातली मादी शेकड्यांत. अशी एक मादी पिलांसकट पिशवीत गेली की त्या ओढ्याचे नुकसान भरून यायला फार वेळ लागतो.

ओढा कसा रिकामा होतो

अडचण अशी की पिले पोटाखाली घेऊन फिरण्याचा काळ आणि आपल्या खाण्याचा काळ एकच आहे. पहिल्या पावसात खेकडे बिळांबाहेर येतात. रात्री बॅटरीच्या झोतात ते थबकतात आणि सहज हाती लागतात. वाडीवरच्या घराने आपल्यापुरते पाच-दहा खेकडे आणले, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे आणि तिने ओढे संपले नाहीत. पण शहरातून मागणी आली, भाव मिळू लागला आणि पोती भरून खेकडे घाटाच्या रस्त्यावर विक्रीला येऊ लागले की हिशेब बदलतो. गोड्या पाण्यातला खेकडा फार दूर जात नाही. एका खोऱ्यातला साठा संपला तर शेजारच्या खोऱ्यातून तो लगेच भरून येत नाही.

या संकटात पकडणे हे एकच कारण नाही. ओढ्यांचे सरळीकरण, रस्त्यांसाठी डोंगर कापणे, ऊस आणि भातावरची कीटकनाशके, उन्हाळ्यात कोरडे पडणारे झरे यांचाही वाटा आहे. जगभरातील गोड्या पाण्यातल्या सुमारे १,२८० खेकडा प्रजातींचा आढावा २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जवळपास एक-षष्ठांश प्रजाती धोक्यात किंवा धोक्याच्या उंबरठ्यावर आढळल्या. आणि जवळजवळ निम्म्या प्रजातींबद्दल निष्कर्ष काढण्याइतकी माहितीच नव्हती. आपला सह्याद्रीही याला अपवाद नाही. २०१६ मध्ये एस. के. पाती, तेजस ठाकरे आणि अनिल खैरे यांनी पश्चिम घाटातल्या गोड्या पाण्याच्या खेकड्यांच्या पाच नव्या प्रजातींचे वर्णन ‘झूटॅक्सा’ या शोधपत्रिकेत प्रसिद्ध केले. म्हणजे आपल्या घाटात कोणते खेकडे आहेत, याची यादीच अजून पुरी झालेली नाही. नाव मिळण्याआधीच एखादा जीव संपून जावा, ही शक्यता इथे नुसती कल्पना नाही.

खेकडा बातमीत येतो तो मात्र वेगळ्याच कारणाने. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले, अनेकांचे बळी गेले. तेव्हा तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी धरणाला लागलेल्या गळतीचा दोष खेकड्यांवर टाकला आणि त्यावरून राज्यभर टीका झाली. बिळे करणे हा खेकड्याचा स्वभाव आहेच. पण त्याच बिळांमुळे मातीत हवा आणि पाणी खेळते. कुजलेला पाला, मेलेले जीव खाऊन तो ओढा स्वच्छ ठेवतो. पाणमांजर, खंड्या, बगळे यांचे ते अन्न आहे. ओढ्यातला खेकडा नाहीसा होणे म्हणजे ओढा आजारी पडल्याचे लक्षण, असे समजायला हरकत नाही.

पकडणाऱ्याचा जीव

शहरातल्या ताटात खेकडा येतो तेव्हा त्याच्यामागे कोणाची तरी रात्र असते. आणि त्या रात्रीचे धोके रुग्णालयांना चांगले माहीत आहेत.

बांधावरच्या बिळात हात घालून खेकडा काढताना तिथे सापही असू शकतो. पावसात बिळे पाण्याने भरतात, साप कोरड्या जागेच्या शोधात असतात आणि नेमक्या त्याच वेळी माणूस तिथे हात घालतो. दंश झाला तर वेळ फार मोलाची. चिरा देणे, रक्त चोखणे, करकचून बांधणे, मांत्रिकाकडे नेणे यात ती वाया घालवू नये. दंश झालेला हात हलू न देता रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे. सर्पविषावरची लस सरकारी रुग्णालयांत मोफत दिली जाते.

दुसरा धोका लेप्टोस्पायरोसिसचा. उंदीर आणि जनावरांच्या लघवीतून हे जंतू साचलेल्या पाण्यात आणि चिखलात येतात. पायाला, हाताला खरचटलेले असेल तर तिथून ते शरीरात शिरतात. खेकड्याने नांगीने धरल्याची लहानशी जखमही त्यांना पुरेशी होते. पाच-दहा दिवसांनी, कधी त्याहूनही उशिरा, ताप, पोटऱ्यांत जबर दुखणे, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसतात. दुर्लक्ष केले तर मूत्रपिंड, यकृत, फुप्फुसे यांवर परिणाम होतो. वेळेवर साधी प्रतिजैविके मिळाली तर बहुतेक रुग्ण बरे होतात. म्हणून पावसाळ्यात ताप आला की ‘आठ दिवसांपूर्वी ओढ्यात, शेतात उतरला होतात का’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो, आणि रुग्णाने ही गोष्ट डॉक्टरांना न विचारताही सांगावी. गमबूट आणि हातमोजे हे साधे उपाय. पण पोत्यावर भाव ठरवणाऱ्या व्यवहारात त्यांचा खर्च कोणी धरत नाही.

न दिसणारे विष

सगळ्यात चिंतेची गोष्ट म्हणजे काही ठिकाणी मासे-खेकडे काढण्यासाठी पाण्यात ब्लीचिंग पावडर किंवा कीटकनाशक टाकण्याचे प्रकार होतात. बिळे उपसण्याचे कष्ट वाचतात. डोहातले सगळे जीव एकदम वर येतात. मोठे टोपलीत जातात, लहान तिथेच मरतात. हा खेकडा खाणाऱ्याच्या पोटात ते औषधही थोडे-फार जाऊ शकते. पिकावर मारण्याच्या कित्येक औषधांचा परिणाम मेंदू आणि मज्जातंतूंवर होतो. उलट्या, लाळ गळणे, घाम, बाहुल्या बारीक होणे, श्वास कोंडणे ही विषबाधेची लक्षणे आहेत. शिजवल्याने जंतू मरतात, रसायने नाहीशी होतील याची खात्री नसते. आणि तोच ओढा खालच्या वाडीचे पिण्याचे पाणीही असतो.

शहराजवळच्या पाण्याचा प्रश्न वेगळा. पंचगंगेचे नाव केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत आहे. घरगुती सांडपाणी आणि उद्योगांचे पाणी नदीत मिसळते, ही गोष्ट कोल्हापूरकरांना नवी नाही. २०१२ मध्ये इचलकरंजीत आलेली काविळीची मोठी साथ दूषित पाण्यातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस ई विषाणूची होती. अशा पाण्याच्या तळाशी, गाळात राहणारा खेकडा त्या गाळातले जड धातूही शरीरात घेतो. कॅडमियमसारखा धातू खेकड्याच्या मांसापेक्षा पाठीखालच्या पिवळट-तपकिरी मऊ भागात जास्त साठतो. हा भाग म्हणजे त्याचे यकृत आणि स्वादुपिंड यांचे काम करणारी ग्रंथी. युरोपीय संघाने खेकड्याच्या पायांतल्या पांढऱ्या मांसासाठी कॅडमियमची मर्यादा किलोमागे ०.५ मिलिग्रॅम ठरवली आहे आणि हा तपकिरी भाग नेहमी खाणाऱ्यांना सावध केले आहे. कॅडमियम वर्षानुवर्षे मूत्रपिंडात साठते. वर्षातून दोन वेळा खाल्ल्याने घाबरण्याचे कारण नाही. पण शहराच्या खालच्या अंगाच्या नदीतला, नाल्यातला किंवा सांडपाणी मिसळणाऱ्या तळ्यातला खेकडा टाळणे आणि तो मऊ भाग लहान मुलांना, गरोदर स्त्रियांना न देणे हे शहाणपणाचे.

समुद्राचा खेकडा : नर, मादी आणि माप

मग समुद्राचा खेकडा निर्धास्तपणे खावा का? तिथेही निवड करावी लागते.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. बऱ्याच जातींच्या प्रजननाला यामुळे उसंत मिळते. आखाडाचा जोर नेमका याच दिवसांत येतो. या काळात पारंपरिक, बिगरयांत्रिक होड्यांनी खाडीत, किनाऱ्यालगत पकडलेली चिंबोरी येऊ शकते. ती नियमात बसते. पण ट्रॉलरचा ‘ताजा’ माल जुलैच्या मध्यावर कोणी देत असेल तर तो बर्फात ठेवलेला जुना आहे की बंदी मोडून आणलेला, हे विचारायला हवे.

महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन दंड वाढवले गेले. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून दिला. त्याहून लहान मासळी पकडू नये, असा त्याचा अर्थ. त्यामागचे तत्त्व साधे आहे : प्रत्येक जिवाला निदान एकदा तरी पिले घालण्याची संधी मिळावी. मात्र हा कायदा सागरी मासेमारीपुरता आहे. घाटातल्या ओढ्यातल्या खेकड्याला तो लागू नाही. अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय कोणताही वन्यजीव पकडणे गुन्हा आहे. त्याबाहेरच्या ओढ्यांत मात्र पकडणारा आणि खाणारा यांच्या विवेकावरच सगळे अवलंबून राहते.

इतर देशांत हा विवेक नियमांत आणला आहे. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात आपल्या चिंबोरीच्याच जातीचा खेकडा मिळतो. तिथे मादी पकडायला पूर्ण मनाई आहे आणि नरही १५ सेंटिमीटरपेक्षा कमी रुंद असेल तर पाण्यात परत सोडावा लागतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर डंजनेस नावाच्या खेकड्याचा व्यापार मोठा आहे. तिथेही व्यावसायिक मासेमारीत ठरावीक मापाचे नरच ठेवता येतात. एक नर अनेक माद्यांशी जुळू शकतो, त्यामुळे काही नर काढून घेतले तरी पुढची पिढी अडत नाही, हा त्यामागचा विचार.

नियम असूनही निसर्ग केव्हा पाठ फिरवेल ते सांगता येत नाही. अलास्काने २०२२ मध्ये बेरिंग समुद्रातल्या स्नो क्रॅबचा हंगाम इतिहासात पहिल्यांदाच रद्द केला. तिथले सुमारे १,००० कोटी खेकडे काही वर्षांत नाहीसे झाले होते. २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातल्या अभ्यासाने त्याचे कारण २०१८-१९ च्या सागरी उष्णतेच्या लाटेशी जोडले. गरम पाण्यात खेकड्यांची अन्नाची गरज वाढली, अन्न पुरले नाही आणि ते उपासमारीने मेले. अरबी समुद्रही तापतो आहे. म्हणून पकडताना हातचे राखून पकडणे पूर्वीपेक्षा आता जास्त गरजेचे आहे.

ग्राहकाला नर-मादी ओळखणे अवघड नाही. खेकडा उलटा करावा. पोटावरची झडप अरुंद, टोकदार असेल तर नर. रुंद, गोलसर असेल तर मादी. त्या झडपेखाली नारिंगी किंवा काळपट अंड्यांचा घोस दिसत असेल तर ती मादी घेऊच नये. अंडी काळपट झाली म्हणजे पिले बाहेर पडायची वेळ जवळ आलेली असते. पाठीच्या आतली गाभोळी अनेकांना आवडते आणि तिच्यासाठी मादीला जास्त भाव मिळतो; हा मोह वर्षातून एखाद्या वेळेपुरता ठेवला तरी पुष्कळ झाले. नराच्या नांग्या मोठ्या असतात, त्यांत मांस जास्त भरते. म्हणजे नर घेण्यात ग्राहकाचाही तोटा नाही.

वजनाचाही हिशेब आहे. खेकडा वाढताना जुने कवच टाकतो. नवे कवच मऊ असते, आत पाणी भरलेले असते आणि मांस कमी. अमावस्येचा खेकडा भरलेला आणि पौर्णिमेचा पोकळ, असे कोकणात मानतात. पंचांग पाहण्यापेक्षा हातात घेऊन पाहणे जास्त खात्रीचे : आकाराच्या मानाने जड लागला, पोटाचे कवच दाबल्यावर दबले नाही, तर तो भरलेला. हलका आणि दबणारा खेकडा घेऊ नये. त्यात पैसा पाण्याला जातो आणि चार आठवड्यांनी भरला असता असा जीव फुकट मरतो.

तळ्यात वाढवलेला खेकडा

सिंधुदुर्गात आणि कोकणाच्या इतर भागांत खाडीकाठच्या बचत गटांनी खेकडापालन सुरू केले आहे. कांदळवन कक्ष आणि कांदळवन प्रतिष्ठानच्या योजनांतून त्याला मदत मिळते. खारफुटी टिकली तरच खेकडा वाढतो, हे एकदा व्यवहारात उतरले की खारफुटी राखणे गावाच्या फायद्याचे होते. हा या प्रयोगाचा मोठा गुण.

पण पालनातला प्रत्येक खेकडा आपोआप निर्दोष ठरत नाही. त्याचे बी कुठून आले, हा खरा प्रश्न. खाडीतून बोटभर पिले गोळा करून तळ्यात सोडली तर निसर्गातला साठा कमी होतोच. फक्त तो आधी कमी होतो. उबवण केंद्रात तयार केलेले बी, उदाहरणार्थ तमिळनाडूतल्या राजीव गांधी मत्स्यपालन केंद्रातून आणलेले, वापरले असेल तर खाडीवरचा भार हलका होतो. दुसरी पद्धत म्हणजे मऊ कवचाचे मोठे खेकडे तीन-चार आठवडे खाऊ घालून भरवणे. यात नवे बी लागत नाही आणि एरवी कवडीमोलाने जाणाऱ्या खेकड्याला किंमत येते. उपाहारगृहांनी आणि घाऊक विक्रेत्यांनी हा प्रश्न विचारायला सुरुवात केली, तर पालन करणारेही उत्तर तयार ठेवतील.

स्वयंपाकघरातली काळजी

खेकडा जिवंत घ्यावा किंवा पकडल्यापासून सतत बर्फात ठेवलेला घ्यावा. मेल्यावर त्याच्या पोटातले जंतू झपाट्याने मांसात पसरतात. न हलणारा, वास येणारा, पाय गळून पडलेला खेकडा स्वस्तात मिळाला तरी नको. समुद्रातल्या खेकड्यात व्हिब्रिओ गटाचे जंतू असतात; अर्धकच्चा खाल्ल्यास जुलाब, पोटात कळा, ताप येतो.

गोड्या पाण्यातल्या खेकड्यात आणखी एक धोका असतो : फुप्फुसातला चपटा कृमी, पॅरागोनिमस. गोगलगायीतून खेकड्यात आणि कच्च्या किंवा अर्धकच्च्या खेकड्यातून माणसात असा त्याचा प्रवास. मणिपूरमधून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आणि पुढे अरुणाचल, नागालँडमधूनही याचे रुग्ण नोंदले गेले. महिनोन्‌महिने खोकला, थुंकीतून रक्त, छातीच्या एक्स-रेवर डाग. त्यामुळे क्षयरोग समजून उपचार सुरू होतात आणि गुण येत नाही. खरे निदान झाले तर प्राझिक्वांटेल या औषधाने थोड्या दिवसांत रुग्ण बरा होतो. महाराष्ट्रात हा आजार नेहमीचा नाही, कारण आपण खेकडा चांगला शिजवून खातो. पण आपल्या पद्धतीत एक कच्ची जागा आहे. बारीक पाय पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये वाटून त्यांचा रस गाळून रश्श्यात घालतात. तो रस कच्चा असतो. तो घातल्यावर रश्श्याला भरपूर उकळी यायलाच हवी. आणि तो पाटा, ते भांडे, ती गाळणी, ते हात साबणाने धुतल्याशिवाय कोशिंबिरीला किंवा चटणीला लावू नयेत. औषध म्हणून कच्च्या खेकड्याचा रस प्यायचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच मानू नये.

रश्श्याच्या औषधी गुणांबद्दल थोडे. खेकड्याच्या मांसात उत्तम प्रथिने, ब-१२ जीवनसत्त्व, जस्त आणि सेलेनियम असते, चरबी कमी असते. आजारातून उठलेल्याला हे अन्न म्हणून चांगले. गरम, तिखट रश्श्याने नाक मोकळे होते, हेही खरे. पण त्याने न्यूमोनिया बरा होत नाही आणि मोडलेले हाड लवकर जुळत नाही. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर रस्सा नव्हे, थुंकीची तपासणी आधी.

काहींनी खेकडा टाळायलाच हवा. कोळंबीची ॲलर्जी असलेल्यांना खेकड्याचीही असण्याची शक्यता मोठी. दोघांतले प्रथिन सारखेच. अंगावर गांधी, ओठ-जीभ सुजणे, घशात आवळल्यासारखे होणे, दम लागणे असे झाले तर घरी वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे. काहींना शिजणाऱ्या खेकड्याच्या वाफेनेही त्रास होतो. यूरिक ॲसिड वाढून सांधे सुजणाऱ्यांनी प्रमाण आवरावे. रक्तदाबाच्या रुग्णांना रश्श्यातले मीठ खेकड्यापेक्षा जास्त बाधते.

चार प्रश्न, एक सवय

परदेशात टिकाऊ मासेमारीचे शिक्के मारलेली पाकिटे मिळतात. भारतात केरळच्या अष्टमुडी सरोवरातल्या शिंपल्यांना २०१४ मध्ये असे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. पेठेतल्या ग्राहकाला खेकड्यावर असा शिक्का सापडणार नाही. त्याच्याजवळ आहेत ते चार प्रश्न : कुठल्या पाण्यातला? कसा पकडला? नर की मादी? पुरता वाढलेला की लहान?

उत्तरे मिळाली तर निवड सोपी होते. ऑगस्टनंतर, बंदी उठल्यावर समुद्रातले पूर्ण वाढलेले नर घ्यावेत. पालनातली चिंबोरी घेताना बी कुठले ते विचारावे. ओढ्यातले खेकडे जून-जुलैत पोत्याने घेऊ नयेत. घ्यायचेच तर ओळखीच्या माणसाकडून, हाताने पकडलेले, थोडे, आणि पिले असलेली मादी त्यालाच परत ओढ्यात सोडायला सांगून. औषध टाकून पकडलेला, सांडपाण्याच्या नाल्यातला, मेलेला खेकडा कोणत्याही भावात नको.

यात घाटातल्या वाड्यांचे उत्पन्न बुडते, असा आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. पावसाळ्यात हाताला काम नसते तेव्हा खेकडे विकून घरात मीठ-मिरची येते. पण ओढा रिकामा झाला तर पहिला फटका त्याच घरांना बसतो. शहरातला ग्राहक मटणाकडे वळतो. कमी खेकडे, पण मोठे, हाताने पकडलेले आणि चांगल्या भावाने घेतलेले, हा दोघांच्याही हिताचा मार्ग आहे. सर्पदंश आणि तापाची जोखीम घेऊन पकडलेल्या खेकड्याला घासाघीस करून भाव पाडणे तर शोभत नाहीच.

श्रावण आला की घरोघरी सामिष बंद होते. धर्माचा भाग प्रत्येकाचा; पण त्या महिन्यात ओढ्यांना आपोआप थोडी विश्रांती मिळते, एवढे खरे. ती विश्रांती दोन-तीन आठवडे आधी सुरू झाली, तर पोटाखाली पिले घेतलेल्या माद्या आपापल्या ओढ्यात राहतील आणि पुढच्या आखाडात आजीला नातवासाठी खेकडे शोधत फिरावे लागणार नाही.